झिसलचा आग्या

आमच्या गावात तण दिसलं की माणसं आधी ते उपटतात आणि मग एकमेकांची खुशाली विचारतात. हदास नावाच्या सुवासिक झुडपाच्या मळ्यांवर पोट असलेल्या गावाची ही सवयच. सुक्कोतच्या, म्हणजे मांडवांच्या, सणाला देशभरातले पुरुष हातात जी जुडी धरतात, तिच्यात हदासच्या तीन डहाळ्या लागतात. डहाळी कशी, तर पेरापेराशी तीन पानं एका पातळीत फुटलेली. दोन वर, एक खाली असं फुटलं की ती बाद. अशा लाडावलेल्या झाडाला शेजारी तण कसं चालेल? म्हणून आमचे मळे विंचरलेल्या केसांसारखे साफ असतात. फक्त झिसलच्या मळ्याच्या टोकाला, नळाजवळ, खाटेएवढा एक वाफा होता आणि त्यात आग्या माजलेला होता.

आग्या म्हणजे तोच, ज्याचं पान नुसतं पोटरीला घासलं तरी माणूस संध्याकाळपर्यंत खाजवत बसतो. हा वाफा झिसलने राखलेला होता. आमच्याकडे हिवाळ्यात पडणाऱ्या पावसाने तो आपोआप उगवायचा, आणि पाऊस लांबला तर ती पाणीसुद्धा घालायची. वाटेने जाणारा प्रत्येक जण काहीतरी बोलायचा. ती म्हणायची, "तुझ्या पायात घुसला का? नाही ना? मग पुढे हो."

मी तिची शेजारीण, शेंडल. भरतकाम करते, सभास्थानातल्या पोथ्यांच्या पवित्र कपाटाचे पडदे मखमलीवर जरीने भरून देते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य झिसलच्या स्वयंपाकघरात गेलं. झिसल ठेंगणी, गोरीपान, नाकावर माशी बसू न देणारी. तिचा नवरा लिपा उंच, सावकाश बोलणारा. सण जवळ आला की कपाळावर चष्मा चढवून तो पहाटेपासून टेबलाशी बसून डहाळ्या निवडायचा. अख्ख्या जन्मात त्याने एकच विनोद केला, पण तो दरवर्षी केला.

विनोद असा. हिवाळ्यातल्या तेवेत महिन्याच्या दहाव्या तिथीला आमचा उपास असतो. दुपारच्या प्रार्थनेत यशया संदेष्ट्याचा एक भाग वाचतात आणि आमच्याकडे तो वाचायचा मान लिपाचा. त्याच्या मध्यावर संदेष्टा एका चांगल्या दिवसाची खबर देतो: लोक आनंदाने बाहेर पडतील, डोंगर गातील, आणि जिथे सिर्पाद होता तिथे हदास उगवेल. लिपा छान संथ लयीत वाचत यायचा, 'सिर्पाद' ह्या शब्दापाशी थांबायचा आणि मान वर करून बायकांच्या सज्जाकडे बघायचा. सज्जातल्या सगळ्या बाया मग झिसलकडे बघायच्या. झिसल मोठ्याने खोकायची. खोकली की लिपा पुढे वाचायचा.

चांदण्या दिसल्या की मी त्यांच्याकडेच उपास सोडायला जायची. टेबलावर आग्याचं सूप असायचं. कोवळे शेंडे मिठाच्या पाण्यात बुडवून, एकेक पान दिव्यासमोर धरून किडे बघून, मग बटाटा आणि लसूण घालून शिजवलेलं. उकळी आली की त्याची आग जाते. सोबत मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, दोऱ्याने कापलेला.

"ऐकलंस ना, बायको?" लिपा हात धूत म्हणायचा. "सिर्पाद जाणार, हदास येणार. मी नाही म्हणत, संदेष्टा म्हणतोय. उद्या सकाळी फावडं घेऊन जातो."

"जा की. पण आधी असा माणूस आण, ज्याला सिर्पाद म्हणजे काय ते ठाऊक आहे."

"बालवाडीतल्या पोरांना ठाऊक आहे. सिर्पाद म्हणजे हा तुझा आग्या."

"ती हल्लीच्या मास्तरांची भाषा. त्यांना झाडाला नाव हवं होतं, पोथीतून उचललं आणि चिकटवलं. संदेष्ट्याला विचारायला गेले होते का? अख्ख्या पोथीत हा शब्द एकदाच आलाय, एकदाच! दोन साक्षीदारांशिवाय आपल्याकडे कोंबडीचोरालाही शिक्षा होत नाही, आणि हा एका साक्षीवर माझा वाफा उपटायला निघालाय."

"शेंडल, तू सांग हिला."

"मला सूप वाढा आधी," मी म्हणायची. पोटात कावळे ओरडत असताना न्यायनिवाडा कोण करणार!

लिपा तीन वाट्या प्यायचा. फावडं कधीच घराबाहेर पडलं नाही. बाहेरच्यांना वाटायचं की ह्या दोघांचं पटत नाही. मला मात्र त्यांचा हेवा वाटायचा. घरात भांडायला माणूस असणं किती मोठी चैन आहे, हे ज्याला रिकाम्या घरात चहा प्यावा लागतो त्याला विचारावं.

आग्याचं मूळ कारण तिने मला एकदा वाळत घातलेले कपडे काढता काढता सांगितलं होतं. मोल्डाव्हियात, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या दुष्काळात, ती नऊ-दहा वर्षांची होती. बर्फ वितळलं तेव्हा घरात दाणा नव्हता. कुंपणाच्या कडेला पहिला उगवला तो आग्या. आईने तो उकडून पोरांना घातला, दिवसामागून दिवस. "गल्लीतली किती घरं बंद झाली," ती म्हणाली, "आम्ही सगळे उठून उभे राहिलो. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात नळाजवळ हा दिसला ना, तर मला हसूच आलं. म्हटलं, तूही आलास का बाबा! आणि संदेष्टा म्हणतो की चांगल्या दिवशी हा नसेल. मग तो चांगला दिवस माझ्या कामाचा नाही. यशयाला काय, तो राजवाड्यात जेवायचा." शेवटचं वाक्य बोलून तिने आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

मग एका हिवाळ्यात लिपा गेला. त्रास नाही, आजार नाही, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. झिसल रडली, सुतकाचे सात दिवस रीतीप्रमाणे जमिनीलगत बसली, उठली आणि मळ्याला पाणी सोडायला गेली. मी म्हणेन, ती खचली नाही. फक्त बोलणं कमी झालं. बोलायचं कोणाशी, तर माझ्याशी, आणि मी पडले लगेच 'बरं बाई' म्हणून सोडून देणारी.

सुक्कोत संपल्यावर तिची मुलगी योखेवेद पेताह तिक्वाहून आली आणि माझ्यासमोर वाइनच्या रंगाची मखमल उलगडली. "शेंडलमावशी, बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या नावाने पडदा द्यायचाय. वर हदासच्या डहाळ्या, खाली सिर्पाद, मधे ती ओळ. अख्ख्या गावाला ही ओळ बाबांच्याच आवाजात आठवते. बाबांना दुसरं काही शोभणारच नाही."

मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी चौकटीवर मखमल ताणली. वरच्या डहाळ्या भरायला घेतल्या, पेरापेराशी तीन पानं, एका पातळीत. लिपाने निवडताना बाद केलं असतं असं एकही पान मी भरलं नाही. मग झिसल आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"वर झालं छान. खाली काय काढणार?"

"आग्या. आणखी काय?"

"मग पडदा नको."

"झिसल!"

"नको म्हणजे नको. जिवंतपणी त्याला हा वाद जिंकता आला नाही. आता सोनेरी जरीत, सगळ्या गावासमोर, मी हरले म्हणून टांगून ठेवू? आणि माझ्या आईने ज्याच्यावर आम्हाला जगवलं, त्याला देवाच्या दारात वाईट म्हणून दाखवू? रोज शंभर माणसं त्याच्यासमोर वाकणार."

"अगं, ओळच तशी आहे, मी काय करू?"

"सिर्पाद म्हणजे आग्या हे सिद्ध कर आणि मग काढ."

इकडे योखेवेद फोनवर रडायला लागली. "मावशी, आई बाबांच्या नावाचा पडदासुद्धा होऊ देत नाही. लोक काय म्हणतील? तुम्हीच काहीतरी करा." विधवेच्या मर्जीविरुद्ध तिच्या नवऱ्याच्या नावाचा पडदा टांगणार कोण? वर्षश्राद्ध आलं, आणि कपाटावर जुनाच विटका पडदा राहिला, तर लिपाच्या नावाला गावात हक्काची जागा राहणार नव्हती. ह्या मायलेकी त्यावरून कायमच्या दुरावल्या असत्या ते वेगळंच. मी मखमलीवर चादर टाकली आणि आमच्या रब्बींकडे गेले.

रब्बी एलिमेलेख साधा माणूस. न येणाऱ्या गोष्टीला 'येत नाही' म्हणतो, म्हणून मला आवडतो. त्यांनी पुस्तकं काढली, टेबल भरलं. "जुन्या ग्रीक भाषांतरात इथे उग्र वासाचं, चिकट पानांचं एक झुडूप आहे. रोमनांच्या भाषेत ज्याने केलं त्याने आग्याच लिहिलाय. आपले भाष्यकार म्हणतात काटा. खरं सांगू, शेंडलबाई? कोणालाच माहीत नाही. शब्द एकदाच आलाय."

"रब्बी, तुमचं सगळं बरोबर असेल. पण मला पान भरायचंय. 'कोणालाच माहीत नाही' ह्याला किती पाकळ्या असतात?"

ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मला विचाराल तर काटा. त्याच्या आधीच्या अर्ध्या ओळीत काटेरी झुडूपच आहे, जोडी जुळते. पण ही माझी समजूत, निकाल नव्हे."

मला समजूत पुरेशी होती. घरी येऊन मी काटा भरला. आणि मी भरते तसा भरला, एकेक काटा पुठ्ठ्यावर उचललेला, दुहेरी जर, बारीक रेशमाने टाचलेली. बोटांची चाळण झाली, पण मनात म्हटलं की एका दगडात दोन पक्षी. लिपाला पडदा मिळतोय आणि झिसलचा आग्या निर्दोष सुटतोय. आता ही बाई मला मिठी मारणार. चहा टाकला, केक कापला आणि कुंपणावरून हाक मारली.

झिसल आली, चष्मा लावला, वाकून बघितलं.

"हे काय आहे?"

"काटा. रब्बींच्या मते सिर्पाद म्हणजे काटा. तुझ्या आग्याचा काही संबंध नाही. जिंकलीस तू!"

तिने बोट काट्यावरून सावकाश फिरवलं. मला वाटलं, काम बघतेय. मग ती माझ्या खुर्चीत टेकली.

"काहीच संबंध नाही?"

"अजिबात नाही."

"म्हणजे संदेष्टा कुठल्यातरी काट्याबद्दल बोलत होता."

"हो ना!"

"मग इतकी वर्षं लिपा माझ्याशी कशावरून भांडत होता?"

मी केकची बशी तिच्यापुढे सरकवली. तिने चहाला हात लावला नाही, केककडे बघितलंही नाही. दारातून वळून म्हणाली, "काटा सुंदर झालाय हो, शेंडल," आणि गेली. मी हात टेकले. आग्या काढायचा म्हटलं की रुसायचं, नाही काढला की त्याहून रुसायचं! त्या दिवशी मी भांडी इतक्या जोरात घासली की एका कपाचा कान गेला. रागाच्या तळाशी भीतीच होती. ती हरल्यावर भांडली असती तर मला चाललं असतं. पण जिंकून असं चेहरा पाडून बसलेली झिसल मी कधी बघितली नव्हती.

तेवेतचा उपास आला. सज्जात ती माझ्या शेजारी बसली होती. लिपाच्या जागी वाचायला गोठेवाल्याचा मुलगा उभा राहिला. चांगला मुलगा, उच्चार स्पष्ट, पण पोटात भूक आणि गाईंची धार काढायची वेळ जवळ आलेली. तो भराभर वाचत गेला. झिसल पुढे सरकली, तिने सज्जाच्या जाळीला बोटं लावली. खोकण्यासाठी तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. आणि सिर्पाद आला तसा गेला. आपल्या थांब्यावर बस न थांबता निघून जावी तसा. वाचन संपलं, खाली पुस्तकं मिटली. झिसलने घेतलेला श्वास तसाच सोडला. माझे डोळे भरून आले, आणि मी रडले, उघड रडले. लाज कसली त्यात?

संध्याकाळी तिने सूप केलं होतं. आम्ही दोघी एकेक वाटी प्यालो. पातेल्यात बरंच उरलं. "प्रमाण चुकलं," ती म्हणाली. मी दुसरी वाटी मागून घेतली, मग तिसरी. मला तिसरी जात नाही, पण घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. झिसल उभी. हातात लिपाचे जाड हातमोजे, मोज्यांत काचेची बरणी, बरणीत आग्याच्या ताज्या, टवटवीत डहाळ्या. तिने बरणी माझ्या भरतकामाच्या चौकटीशेजारी ठेवली.

"हा काढ."

"झिसल, माझ्या डोक्याचा भुगा करू नकोस. तूच म्हणालीस..."

"काय म्हणाले ते मला माहीत आहे. आता ऐक. रब्बींना ठाऊक नाही ना? ग्रीकांना नाही, रोमनांना नाही, कुणालाच नाही. मग ज्याने त्याने आपापल्या माणसाचं ऐकावं. माझा माणूस म्हणायचा, सिर्पाद म्हणजे हा. तर हा." तिचा आवाज जरा फाटला, पण तिने तो लगेच शिवून घेतला. "त्याला जिंकू दे, शेंडल. मी एकटी जिंकून काय करू?"

मी काटा उसवायला बसले. उसवणं भरण्यापेक्षा कठीण, कारण मखमल काही विसरत नाही, सुईचं प्रत्येक भोक तिच्यावर दिसतं. काट्याची सगळी भोकं झाकायची तर वर दाट काहीतरी हवं होतं. आग्याचं पान बघा, काठाला करवतीसारखे दाते, अंगभर बारीक लव. मी एकेक दाता एकेका भोकावर बसवत गेले. लव भरायला रुपेरी तार घेतली. झिसल रोज दुपारी यायची आणि माझ्या जिवाला घोर लावायची. "मान पाडू नकोस त्याची. आग्या मान पाडत नाही." "हा दाता बोथट झाला." "एवढा गुळगुळीत? ह्याने कोणाला खाज येणार?" एकदा नमुना बघताना मी विसरून उघड्या हाताने डहाळी धरली आणि ओरडले. झिसल पोट धरून हसली. लिपा गेल्यापासून मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. हात दिवसभर चुरचुरत होता, तरी मला मनापासून बरं वाटलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पडदा चढला. वर हदास, खाली आग्या, दोन्ही सारख्याच थाटात. मी माझ्याच कामाची तारीफ करू नये, पण करते. झाला होताच देखणा. रब्बी एलिमेलेख पुढे जाऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला हात लावायची भीती वाटते." झिसल सज्जातून खाली आली होती. तिने मान डोलावली, म्हणजे काम पसंत.

बाहेर अंगणात केकचे तुकडे आणि छोटे पेले फिरत होते. योखेवेदने आईला मिठी मारली, डोळे पुसले. आणि ती तिच्या बापाची मुलगी, गप्प थोडीच बसणार! "आई, आता तर तू स्वतःच कबूल केलंस, सिर्पाद म्हणजे आग्याच. मग नळाजवळचा वाफा उपटून तिथे हदास लावायचा ना? ओळीप्रमाणे?"

आजूबाजूच्या चार जणी थांबून ऐकायला लागल्या. मी पेला खाली ठेवला.

"लावू या की," झिसल म्हणाली. "पण संदेष्टा कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय? शेवटच्या, चांगल्या दिवसाबद्दल ना? त्या दिवशी गेलेली माणसंही उठणार, असंच शिकलोय ना आपण?"

"हो."

"मग तुझे बाबा उठतील, घरी येतील आणि स्वतःच्या हाताने उपटतील. मी अडवणार नाही. तोवर मी आग्याला पाणी घालते, नाहीतर आल्यावर बिचारा उपटेल काय?"